एका युरोवरचा गाल

१

इमांत्सच्या घरी न्याहारी म्हणजे ठरलेला कार्यक्रम. राय धान्याचा काळा पाव तो कापायचा, कारण बायकोने, वेल्ताने, कापलेले तुकडे दाराला अडसर म्हणून लावावेत इतके जाड असत. लोणी वेल्ता लावायची, कारण इमांत्सने लावलं की घरात लोण्याचा दुष्काळ पडलाय असं पाहुण्यांना वाटे. मग शहाजिऱ्याचं चीज, केफिर नावाच्या आंबट ताकाचा पेला आणि रेडिओवरचं हवामान. फेब्रुवारीत रीगा शहराचं हवामान सांगायला पगारी माणूस कशाला लागतो, हे इमांत्सला उभ्या जन्मात कळलं नव्हतं. काल राखाडी, आज राखाडी आणि देवाच्या कृपेने उद्याही तेच.

त्या मंगळवारी वेल्ताच्या उजव्या गालावर एक रेघ होती. कानाच्या पुढून निघून हनुवटीपर्यंत गेलेली.

"उशीची घडी उमटलीय तुझ्या गालावर," इमांत्स म्हणाला.

"उमटू दे. साठी उलटली की कातडीला विसर पडतो. सकाळी सोडायची घडी ती दुपारी सोडते."

दुपारी रेघ तशीच होती. संध्याकाळीही होती. बुधवारी ती गेली आणि गुरुवारी आणखी एक आली, पहिलीच्याच वाटेने.

इमांत्सने मुद्दाम तिच्या उशीचा अभ्रा तपासला. मऊ, जुना, धुऊन धुऊन विरलेला. त्याच्या घड्या आडव्यातिडव्या, म्हाताऱ्याच्या सहीसारख्या. गालावरची रेघ पट्टी लावून ओढल्यासारखी सरळ होती. चाळीस वर्षं त्याने चेहरे घडवले होते, दगडात, लाकडात, प्लास्टरमध्ये. झोपेत अशी रेघ पडत नाही, एवढं त्याला नक्की कळत होतं. पण नक्की कळणाऱ्या गोष्टी बायकोला सांगायच्या नसतात, हेही लग्नाला अडतीस वर्षं झालेल्या माणसाला कळतंच.

२

खालच्या मजल्यावरची बिरुता लाल विटांच्या बाजारात लोणचं विकायची. काकडीचं, कोबीचं, बिटाचं. शनिवारी वेल्ता आणि इमांत्स तिच्या गाळ्यासमोर उभे राहिले, तशी ती हातातला झारा आपटून म्हणाली,

"वेल्ता, खरं सांग, तोंडाला काय लावतेस? नाही सांगितलंस तर आजपासून आपली मैत्री संपली."

"थंड पाणी लावते."

"थंड पाणी मीही बावन्न वर्षं लावतेय. माझ्याकडे बघ, मी माझ्याच काकडीसारखी दिसते! अगं, तुझ्या डोळ्याशेजारच्या सुरकुत्या गेल्या कुठे? मास्तर, तुम्ही रात्री कानस घेऊन बसता की काय हिच्याजवळ?"

बिरुता इमांत्सला मास्तरच म्हणायची. मूर्तिकाराला ही एवढीच पेन्शन मिळते, असं तो म्हणे.

त्याने पाहिलं. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातला सुरकुत्यांचा पंखा खरंच नव्हता. वेल्ताच्या समूहगान मंडळातल्या बायकाही हेच म्हणाल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी तर चष्मा काढून, पुन्हा घालून सांगितलं होतं, की ही कातडी अठरा वर्षांच्या मुलीची आहे आणि तुमची तक्रार काय आहे ते मला समजत नाही. वेल्ता खूश होती. आरशासमोर तिचा वेळ जरा जास्तच जाऊ लागला होता.

मग बिरुताने आपल्या मेलेल्या नवऱ्याचा एक किस्सा सांगितला. तो किस्सा इथे लिहिण्यासारखा नाही. वेल्ता हसली. ती हसायची तेव्हा आधी उजवा गाल वर चढायचा, डोळा बारीक व्हायचा आणि मग आवाज यायचा. ह्या गालापायीच इमांत्सने तिला लग्नाचं विचारलं होतं.

आज आवाज आला. गाल जागचा हलला नाही.

बिरुता आपल्याच विनोदावर हसण्यात गुंतली होती, तिच्या लक्षात आलं नाही. इमांत्सच्या हातातली चाखायला दिलेली काकडी तेवढी खाली पडली.

३

सोमवारी न्याहारीच्या वेळी खिडकीतून थोडासा उजेड आला आणि वेल्ताच्या गालाचं हाड चमकलं.

घामाची चमक इमांत्सला माहीत होती, क्रीमचीही होती. ही तिसरी होती, आणि तिला तो सगळ्यांत जास्त ओळखत होता. नाणं हातोहाती फिरू लागलं की त्यावरचा चेहरा सगळीकडून सारखा झिजत नाही. उठावात जो भाग सगळ्यांत उंच, त्याला बोटं आधी लागतात. आधी गालाचं हाड, मग कानावरचे केस, मग भुवई. बारीक रेषा बुजतात आणि तिथे चमक येते. चेहरा तरुण दिसू लागतो. मग गुळगुळीत. त्यानंतर तो कुणाचा होता हे सांगता येत नाही.

"काय बघतोस एवढं?" वेल्ता म्हणाली.

"सुंदर दिसतेस."

"अडतीस वर्षांनी लक्षात आलं? लोणी दे इकडे."

त्याने लोणी दिलं. 

त्याचं असं होतं. लाटवियाच्या जुन्या चांदीच्या नाण्यावर एक मुलगी होती. उजवीकडे तोंड केलेली, पारंपरिक वेषातली. देशच परक्यांच्या ताब्यात गेला तेव्हा घराघरांनी ती मुलगी लपवली. कुणी परकराच्या काठात शिवली, कुणी तिचा ब्रोच केला. बिरुताची आजी सैबेरियाला नेली गेली तेव्हा तिच्या मुठीत ते नाणं होतं आणि सोळा वर्षांनी ती परतली तेव्हाही होतं. "फक्त मुलीला नाक नव्हतं," बिरुता सांगायची. "आजीने अंगठा फिरवून फिरवून घालवलं. तेवढाच तिला आधार होता."

पुढे युरो आला आणि तीच मुलगी नव्या नाण्यावर बसवायची ठरली. तिचं प्लास्टरचं प्रतिरूप करण्याचं काम गुपचूप इमांत्सकडे आलं. जेवणाच्या ताटाएवढं ते प्रतिरूप. त्यावरून परदेशातल्या टांकसाळीत छोटा ठसा व्हायचा. अडचण एकच होती. रोज वापरायच्या नाण्यावर उठाव अगदी कमी लागतो, आणि उठाव कमी केला की मुलगी मरायची. पोळपाटावर दाबल्यासारखी दिसायची. तीन आठवडे त्याने डोकं आपटलं. चौथ्या आठवड्यात त्याने वेल्ताला खिडकीशी बसवलं.

"नुसता सराव," तो म्हणाला होता.

सहा दिवस त्याने तिच्या उजव्या गालाची मापं घेतली. सातव्या दिवशी प्लास्टरमधली मुलगी श्वास घेऊ लागली. नाणं मंजूर करणाऱ्या समितीने पाठ थोपटली. नाणी आली तेव्हा वेल्ताने एक युरो उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"हा गाल मी कुठेतरी पाहिलाय."

"लाटवियातल्या सगळ्याच बायकांचे गाल असे असतात."

"असं?" एवढंच म्हणून तिने नाणं पाकिटात टाकलं होतं. त्या गोष्टीला आता अकरावं वर्ष लागलं होतं.

४

इमांत्स अडाणी माणूस नव्हता. त्याने स्वतःला बसवून समजावलं. नाणी कोट्यवधी, गाल एक. कुठल्या नाण्याने झिजायचं? सगळ्यांनी मिळून? मग ती एका दिवसात संपली असती. एखाद्यानेच? मग कुठल्या? ह्या प्रश्नांना उत्तर नव्हतं, आणि ज्याला उत्तर नाही ते घडतही नाही, असं ठरवून त्याने कोट घातला आणि तो सुपरमार्केटकडे निघाला. कशाला जातोय, हे त्याने स्वतःलाही सांगितलं नाही.

दाराबाहेर ट्रॉल्यांची साखळी होती. ट्रॉली सोडवायची तर खाचेत एक युरो खुपसावा लागतो. इमांत्सने आयुष्यात हजारदा खुपसला असेल. आज त्याने वाकून पाहिलं. नाणं आत सरकताना लोखंडाची एक जीभ त्याच्या चेहऱ्यावरून घासत जात होती. कानापासून हनुवटीपर्यंत.

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याने नाणं खुपसलं, काढलं, पुन्हा खुपसलं, पुन्हा काढलं. दोनदा. मागे उभी असलेली बाई म्हणाली, "आजोबा, ट्रॉली हवीय की तिच्याशी खेळायचंय?" तो दचकला, नाणं हातातून निसटलं आणि फरशीच्या कडेवर आपटलं. त्याने उचलून पाहिलं. मुलीच्या जबड्याखाली एक बारीकशी खाच पडली होती.

घरी वेल्ता बटाटे सोलत होती. गालावर दोन ताज्या रेघा होत्या.

"तोंडाला काय लागलं?" त्याने विचारलं. 

"कुठे काय? इथे का?" तिने जबड्याखाली बोट नेलं. "सव्वाअकराच्या सुमारास काहीतरी टोचलं खरं. सोलायची सुरी लागली असेल."

सुरी तिच्या उजव्या हातात होती. तिचं पातं स्वच्छ होतं. जबड्याखाली रक्त नव्हतं. लोण्यात नख रुतावं तशी एक खाच होती.

५

त्यानंतर जे झालं ते पाहून अख्ख्या बाजाराची करमणूक झाली. ज्या इमांत्सने कार्डाला आयुष्यभर सैतानाची जीभ म्हटलं, तो गाळ्यागाळ्यावर जाऊन सांगू लागला, की रोख घेऊ नका, कार्ड घ्या. धुरावलेली मासळी विकणाऱ्याला त्याने स्वच्छतेवर व्याख्यान दिलं. फुलवालीला दरोड्याची भीती घातली. चर्चच्या दारात दानपेटी घेऊन बसणाऱ्या म्हाताऱ्याने तर त्याला काठी दाखवली.

"बँकेने कमिशन ठरवून दिलंय का, मास्तर?" बिरुताने विचारलं आणि हे सगळं वर येऊन वेल्ताला मीठमसाला लावून सांगितलं.

त्या दुपारी वेल्ताने त्याला समोर बसवलं. चहा ओतला. मग म्हणाली,

"शुक्रवारी सगळ्यांत जास्त असतं."

"काय?"

"अंगठे."

इमांत्स तिच्या गालाकडे बघत राहिला, ती सांगू लागली.

"बाजाराच्या वेळेला सुरू होतं. कोणीतरी गालावरून अंगठा फिरवतं आणि सोडून देतं. मग दुसरं कोणीतरी. कोणाची बोटं गार, कोणाची तेलकट. एक जण आहे, तो रोज सकाळी ट्रामची वाट बघताना खिशात हात घालून बराच वेळ चोळत बसतो. त्याचा अंगठा मी आता ओळखते. नाताळच्या दिवशी मात्र काही नव्हतं. इतकं शांत वाटलं, की मी चर्चमध्ये रडले. तुला वाटलं, गाण्यामुळे."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"सांगितलं. त्या म्हणाल्या, नसांचं असतं असं. वय झालं." तिने पेला ठेवला. "इमांत्स, तो गाल कुणाचा आहे?"

कुठूनही निसटता आलं असतं. लाटवियातल्या सगळ्या बायकांच्या गालांचा आडोसा होताच. पण समोर तिच्या चेहऱ्याचा उजवा भाग होता, आणि त्यावर राग आलाय की दुःख झालंय हे आता वाचता येत नव्हतं. इतकं गुळगुळीत झालं होतं सगळं.

"तुझा," तो म्हणाला.

तिने पेला बाजूला सारला. मग हसली. नुसताच आवाज.

"सराव म्हणे! अकरा वर्षं मी मनाशी म्हणत होते, माझा नवरा लबाड असेल पण खोटारडा नाही. बरं. आता पुढे काय? मी अशीच पुसली जाऊ? मला हसू येतं आणि कुणाला दिसत नाही, बिरुताला वाटतं मी रुसलेय. परवा आरशात बघितलं तर मला माझी आई आठवली नाही. माझ्या तोंडावर माझी आई होती, इमांत्स. तुला माहितीय."

"मी काय करू?"

"मलाच विचारतोस? मास्तर म्हणतात ना तुला? दुरुस्त कर."

६

मूळ प्रतिरूप नदीच्या पलीकडच्या त्याच्या कामाच्या खोलीत होतं. कपाटाच्या तळाशी, तागाच्या कापडात गुंडाळलेलं. अकरा वर्षांत कापडाची गाठ कुणी सोडली नव्हती. तिच्यावर धूळ बसून ती राखाडी झाली होती. रविवारी सकाळी इमांत्सने ती सोडली.

प्लास्टर बोटं लागल्याशिवाय झिजत नाही. ह्या मुलीचा गाल जुन्या चर्चच्या पायरीसारखा झाला होता. मधे खोलगट आणि चमकदार. जबड्याखाली एक खाच होती.

खोलीत हीटरचा टकटक आवाज येत होता. इमांत्स उभाच राहिला. मग आवाज थांबला आणि त्याला जाणवलं, की दुसरा एक आवाज अजून चालूच आहे. कोरड्या कातडीने कोरडा खडू घासावा तसा. अगदी हलका. थांबून थांबून. तो प्लास्टरवर वाकला तेव्हा आवाज जवळ आला.

त्याने कान मागे घेतला आणि कामाला लागला. भ्यायला त्याच्याकडे वेळ नव्हता, फेब्रुवारीत उजेड पाच वाजता जातो.

जुन्या वहीत मापं होती. गालाच्या हाडाची उंची, डोळ्याच्या कोपऱ्यापासून कानाचं अंतर, हसताना पडणारी घडी. त्याने ओलं प्लास्टर थेंबाथेंबाने चढवलं, सुकू दिलं, कोरलं. कॅलिपर लावून पुन्हा पुन्हा तपासलं. दुपारी एकच्या सुमारास हाड उभं राहिलं. अडीचला डोळ्याशेजारचा पंखा उघडला. आणि मग, खरं सांगायचं तर, कारागिराची हाव सुटली. समितीने तेव्हा कमी करायला लावलेला उठाव त्याने चढवला. ओठाच्या कोपऱ्यात ती हसण्याच्या आधीची घडी घातली. इतकं चांगलं काम त्याच्या हातून पंचवीस वर्षांत झालं नव्हतं.

चार वाजता तो बाजूला झाला. मुलगी हसण्याच्या बेतात होती. घासण्याचा आवाज थांबला होता.

तो पूल ओलांडून चालत घरी निघाला. नदीवर बर्फ होतं, वारा तोंडावर येत होता, आणि हा म्हातारा शीळ घालत होता.

७

जिन्यात बिरुता भेटली. ती वरून खाली येत होती. लोकरीची शाल तोंडाशी धरलेली, दुसरा हात भिंतीला. जिन्यात भेटल्यावर किमान दहा मिनिटं घेतल्याशिवाय ती कुणाला सोडत नसे.

"कशी आहे आमची वेल्ता?" इमांत्सने आनंदाने विचारलं.

बिरुताने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती आपल्या दारात शिरली आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला. मग दुसरी कडी.

वेल्ता खिडकीशी खुर्चीत बसली होती. उजवी बाजू त्याच्याकडे. इमांत्स दारातच थांबला, कोट काढायचं विसरून.

गाल परत आला होता. हाड, त्याखालची सावली, डोळ्याच्या कोपऱ्यातला पंखा, जबड्याची सगळी सैल, लाडकी कातडी. जिथे खाच होती तिथे आता काही नव्हतं. ओठाच्या कोपऱ्यात ती घडी होती. बासष्ट वर्षांची त्याची बायको होती, आणि हसण्याच्या बेतात होती. इमांत्सच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आलास?" ती म्हणाली. "दुपारी अडीचपासून एकही अंगठा नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही. बिरुता आली होती. म्हटलं, बस, चहा टाकते. बसली नाही."

"जाऊ दे तिला. म्हातारी झालीय." त्याने नाक पुसलं. "किती सुंदर दिसतेस, वेल्ता."

"दिसते ना?"

ओठ हलले होते का, हे त्याला नीट सांगता आलं नसतं. घडी जशी होती तशीच होती. त्याने टेबलावरची उकडलेल्या राखाडी वाटाण्यांची ताटली जवळ जाऊन तिच्या मांडीवर ठेवली. ती तिने उचलली नाही. डोळा खिडकीबाहेर, सरळ, उजवीकडे लागलेला होता. तो खुर्चीच्या पलीकडे जायला निघाला, तशी खुर्ची करकरली, आणि पलीकडे पोचला तर पुन्हा उजवाच गाल समोर. दोनदा असं झालं. खोली लहान आहे, मी दमलोय, उजेड गेलाय, असं तो स्वतःशी म्हणाला. उजेड गेला नव्हता. खिडकीत भरपूर पांढरं आकाश होतं.

"वेल्ता, माझ्याकडे बघ ना जरा."

"बघतेच आहे की."

"तसं नाही. इकडे वळ."

"वळू?" ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात नव्या नवरीसारखा संकोच होता.

ती वळली. हळूहळू. नाकाची कड इमांत्सकडे आली आणि कडच राहिली. तिच्या पलीकडून दुसरा डोळा यायला हवा होता, भुवई यायला हवी होती, दुसरा गाल यायला हवा होता. आली ती घासून लख्ख केलेली एक सपाट जागा. तिच्यात खिडकी दिसत होती. खिडकीतलं आकाश दिसत होतं. आणि कोटाच्या बाह्यांना पांढरं प्लास्टर लागलेला एक म्हातारा दिसत होता, खूप लहान, तोंड उघडं टाकून उभा.

"झालं ना मनासारखं?" त्या जागेमागून वेल्ताने विचारलं. तिचा आवाज मायेचा होता, रोजचाच होता. "आता ही बाजू कधी करायला घेतोस?"

इमांत्सने डोळे मिटले आणि तिचा डावा गाल आठवू लागला.